शाळेची चूल आणि भाषेचा तास

प्राथमिक शाळेतील भाषाशिक्षणाचा विचार करताना पाठ्यपुस्तक, फळा आणि वही एवढ्याच साधनांकडे बहुधा लक्ष जाते. शाळेच्या आवारात दररोज दोन-तीन तास चालणारे एक मोठे साधन मात्र भाषेच्या तासाबाहेर राहते. ते म्हणजे शाळेचे स्वयंपाकघर होय. तांदूळ निवडण्यापासून ताटे धुण्यापर्यंत तेथे जे घडते ते मुलांच्या डोळ्यांदेखत घडते. त्यातील प्रत्येक वस्तूस व क्रियेस नाव असते आणि ती नावे मुलाने शाळेत येण्यापूर्वीच आईच्या व आजीच्या तोंडून ऐकलेली असतात. सहा वर्षांच्या मुलास ज्यावर शिक्षकाइतके, क्वचित शिक्षकाहूनही अधिक बोलता येते, असा हा विषय आहे.

यवतमाळ जिल्ह्यात या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत मुलांची घरची भाषा एक नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या बाजूच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या बाजूस गोंडी व कोलामी बोलणारी घरे आहेत, आणि या दोन्ही भाषा द्राविड कुळातील असल्यामुळे मराठीशी त्यांचे नाते शेजारचे आहे, रक्ताचे नव्हे. उरलेल्यांची वऱ्हाडी बोलीसुद्धा पुस्तकातील मराठीहून पुष्कळ निराळी. पोडावरून आलेले कोलाम मूल पहिलीच्या वर्गात महिनोन्महिने गप्प बसते. त्यास कळत नाही असा ग्रह होतो, तो ग्रह मुलाच्या कानी जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते शाळेत दिसेनासे होते. वस्तुतः त्या मुलाजवळ भाषा असते. वर्गात तिला वाव मिळालेला नसतो. तो वाव कोठे मिळेल याचा शोध घेतला असता चूल सर्वांत जवळ सापडते.

स्वयंपाक आणि शिक्षण यांची सांगड या भागास नवी नाही. शेजारच्या वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला. सेवाग्रामच्या विद्यालयात आशादेवी व आर्यनायकम् यांच्या देखरेखीखाली सूतकताई व शेती यांच्या जोडीने स्वयंपाकघर हेही शिक्षणाचे अंग मानले गेले. काम आधी, आणि त्या कामाच्या ओघात भाषा, गणित व विज्ञान, यास त्या काळी ‘समवाय’ म्हणत. हा समवाय पुढे पुष्कळ ठिकाणी ओढूनताणून होऊ लागला हेही खरे. टकळी फिरविणाऱ्या मुलास टकळीवर दहा ओळींचा निबंध लिहावयास लावणे म्हणजे समवाय नव्हे. बोलल्याशिवाय, वाचल्याशिवाय किंवा लिहिल्याशिवाय जे काम अडते, त्या कामातूनच भाषा वाढते. बुनियादी शाळा मागे पडल्या, तरी सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तेथे स्वयंपाकास अभ्यासक्रमात स्थान मिळाले.

इतर शाळांत चूल आली ती निराळ्या वाटेने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात मुलांना दरमहा तांदूळ घरी नेण्यास दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर शाळाशाळांतून पातेली चढली. २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. तांदूळ पिशवीत बांधून देण्यात बोलण्यासारखे थोडेच होते. अन्न शाळेत शिजू लागले तेव्हा त्याबरोबर एक संपूर्ण शब्दभांडारही शाळेत आले.

त्या भांडाराचा पहिला भाग नामांचा. पुस्तकात ‘पातेले’ असते, मूल ‘गंज’ म्हणते. पुस्तकात ‘उलथने’, घरी ‘सराटा’. ‘कोथिंबीर’ हा शब्द वाचून जे मूल थबकते ते दररोज ‘सांभार’ निवडत असते. ‘भुईमुगाचे दाणे’ त्यास ‘फल्लीदाणे’ म्हणून ठाऊक असतात, ‘करटोली’ काटवल म्हणून, आणि ‘झुणका’ पुष्कळ घरी ‘चून’ असतो. तांड्यावरच्या मुलाची ‘बाटी’ म्हणजे रोजची भाकर; निखाऱ्यावर भाजलेला गोळा तो नव्हे. गोंडीत पेजेस ‘जावा’ म्हणतात, पाण्यास ‘एर’ म्हणतात, आणि कोलामीत तेच पाणी ‘ईर’ होते. हे दोन शब्द शेजारी शेजारी फळ्यावर लिहिले तर गोंड व कोलाम मुलांना आपापसातले नाते कळते आणि मराठी मुलांना आणखी दोन भाषा वर्गात बसल्या आहेत हे कळते. यास्तव स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक वस्तूपाशी दोन किंवा तीन नावांची चिठ्ठी असावी: पुस्तकातील नाव व घरची नावे. घरचे नाव मूल जसे उच्चारील तसे देवनागरीत लिहावे; शुद्धलेखनाचा तेथे आग्रह धरू नये. घरचा शब्द वर ठेवावा की खाली, हा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु मुले तो बरोबर ओळखतात. दोन्ही एका ओळीत लिहावेत.

या कामी शिक्षकास उत्तम साहाय्य होते ते स्वयंपाकी ताईचे. बहुतेक ठिकाणी ती त्याच गावची असते आणि मुलांची भाषा तिला येते. शिक्षकास न समजलेले मुलाचे वाक्य ती सहज उलगडून देते. तिला वर्गात पाच मिनिटे बोलावून ‘आज काय घालणार, आधी काय, मागून काय’ एवढे मुलांना सांगावयास लावावे. ती अक्षरशत्रू असली तरी अडत नाही. उलट त्यातून वाचनाचे खरे प्रयोजन निर्माण होते. तिसरी-चौथीच्या मुलाने पाककृती लिहावी व ती तिला मोठ्याने वाचून दाखवावी. वाचणाऱ्याने ‘जिरे’ ऐवजी ‘हिरे’ वाचले तर ती हसून विचारील, आणि ती चूक त्या मुलाच्या हातून पुन्हा होणार नाही.

नामांहून क्रियापदे अधिक मोलाची. लहान मुलांच्या लेखनात ‘करणे’ हे एकच क्रियापद सर्व कामे उरकते: भाजी केली, भात केला, पाणी गरम केले. स्वयंपाकघरात मात्र मराठीने क्रियापदांची लयलूट केली आहे. धान्य निवडतात, पाखडतात, चाळतात, कांडतात, दळतात. पीठ मळतात, भाकर थापतात, मग ती शेकतात. कण्या उकळत्या पाण्यात वैरतात, वरण घोटतात, कांदा परततात, दूध आटवतात, दह्याचे विरजण लावतात. यांतील दोन शब्दांचा भेद मुलास विचारावा. पाखडणे आणि चाळणे यांत फरक काय? सूप कोठे लागते, चाळणी कोठे? मूल हातांनी दाखविते, मग शब्द शोधते, आणि त्या शोधण्यात एक संपूर्ण वाक्य तयार होते. ‘सूप हलवलं की फोलपट पुढं उडते अन् दाणे मागं राहते’ असे वाक्य पहिलीतील मुलाने उच्चारले तर त्यातील ‘राहते’ सुधारण्याची घाई करू नये. प्रथम वाक्याचे कौतुक करावे. मग शिक्षकाने स्वतः तेच वाक्य प्रमाण रूपात सहज म्हणावे. मुलाचा कान ते टिपतो. मध्येच अडविल्यास ते मूल पुढच्या वेळी हातानेच दाखवून थांबेल.

व्याकरणातील एक अवघड भाग तर चुलीपाशी आपोआप सुटतो. भात शिजतो; ताई भात शिजवते. मटकी भिजते, मुले मटकी भिजवतात. दूध आटते, आई दूध आटवते. प्रयोजक क्रियापदाची व्याख्या पाठ करून जे कळत नाही ते या जोड्यांतून चौथीच्या मुलास एका बैठकीत कळते. तसेच क्रमाचे. ‘तांदूळ निवडून, धुऊन, भिजवून’ यातील ‘ऊन’ प्रत्यय मुले बोलताना वापरतातच. तो लिहितानाही वापरता येतो हे त्यांस येथे दिसते. आणि क्रम उलटल्यास काय होते हे विचारून पाहावे: ‘आधी शिजवून मग निवडला तर?’ वर्ग हसतो, आणि आधी-नंतरचा अर्थ पक्का होतो.

चवीच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. आहार वाटण्यापूर्वी शिक्षकाने तो चाखून नोंद करावयाची असते. कित्येक नोंदवह्यांत वर्षभर ‘उत्तम’ हा एकच शब्द आढळतो. खिचडी वर्षातून एकदाही अळणी झाली नसेल, एकदाही करपली नसेल, हे संभवत नाही. शिक्षकाचीच शब्दसंपत्ती जर एवढी आटलेली दिसली, तर मुलांकडून काय अपेक्षावे? शिक्षकाच्या नोंदीखेरीज मुलांची एक चव-वही असावी. पाळीपाळीने दोन मुलांनी चव घ्यावी व त्यांनी एक वाक्य लिहावे. मात्र ‘छान’, ‘मस्त’ व ‘उत्तम’ हे तीन शब्द त्या वहीत वर्ज्य. मग खारट, तुरट, आंबट, कडवट, अळणी, मिळमिळीत, खमंग, चरचरीत, धुरकट हे शब्द बाहेर येतात. ‘हळद कच्ची राहिली’ हे वाक्य तर चांगल्या परीक्षकाचे आहे. अशी नोंद ताईस टीका वाटू नये याची काळजी शिक्षकाने घ्यावी. शक्य तर तिलाच विचारावे: आज काय बिघडले, आणि का? कारण सांगताना ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘नाही तर’ या अव्ययांवाचून तिचे व मुलांचे चालत नाही.

मुलांनी प्रत्यक्ष करावयाच्या कृतींत विस्तव नको. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून पसरलेल्या आगीत ९४ मुले दगावली. चूल, शेगडी व उकळते पातेले यांपासून मुलांस दूरच ठेवावे. ती दारातून पाहतात तेवढे पुरे. विस्तवाशिवाय करण्यासारखे पुष्कळ आहे: काकडीची कोशिंबीर, ताक, लिंबाचे सरबत, मुरमुऱ्यांचा चिवडा. यांत भाषेच्या दृष्टीने मटकीस मोड आणणे फार उपयोगी, कारण ते काम तीन दिवस चालते आणि भाषेचे तिन्ही काळ वर्गात घेऊन येते.

सोमवारी शाळा सुटताना मटकी निवडून, धुऊन भिजत घालावी. त्या दिवशी मुलांनी भविष्यकाळात लिहावे: उद्या काय दिसेल? कोणी लिहितो, मटकी फुगेल. कोणी लिहितो, पाणी संपेल. एखादा लिहितो, झाड येईल. तिन्ही वाक्ये जपून ठेवावीत. मंगळवारी पाणी उपसावे, मटकी ओल्या फडक्यात बांधून टांगावी, आणि मुलांनी हात लावून, वास घेऊन वर्तमानकाळात लिहावे: दाणे फुगले आहेत, टरफल सुटत आहे, फडक्यातून पाणी ठिबकत आहे. बुधवारी गाठ सोडावी. मोडांची लांबी, रंग, वाकडेपणा यांचे वर्णन व्हावे आणि सोमवारची भाकिते वाचून पाहावीत. ज्याने ‘झाड येईल’ लिहिले होते तो चुकला की काय, यावर वर्ग भांडेल. त्यास भांडू द्यावे. हिवाळ्यात मोड उशिरा येतात, उन्हाळ्यात मटकीस आंबूस वास लवकर लागतो. हे दोन ऋतूंत दोनदा करून मुलांनीच ताडून पाहावे. मोड आलेली मटकी ताईने वाफवून दिल्यावरच कांदा, लिंबू व मीठ घालून वाटावी. कच्ची देऊ नये.

आता आहाराच्या नियोजनाकडे वळू. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण योजनेत ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. वर्गात ४२ मुले उपस्थित असली तर ४ किलो २०० ग्रॅम तांदूळ, ८४० ग्रॅम डाळ, २ किलो १०० ग्रॅम भाजी लागेल. हे गणित झाले. भाषा येते ती पुढच्या प्रश्नात: २ किलो १०० ग्रॅम भाजी कोणती, व ती कोठून आणावयाची? धान्य वरून येते, भाजी मात्र गावात मिळवावी लागते, आणि म्हणून येथे मुलांच्या मतास खरा अर्थ आहे. चौथी-पाचवीच्या मुलांनी चार-चारच्या गटांत बसून पुढच्या आठवड्याच्या भाज्या सुचवाव्यात. परसबागेत काय तयार आहे, आठवडी बाजारात काय स्वस्त आहे, लहान मुले काय टाकून देतात, हे पाहून प्रत्येक सूचनेस एक कारण जोडावे. ‘मला आवडते’ हे कारण एका गटास एकदाच वापरता येईल असा नियम ठेवावा. त्यामुळे मुले दुसरी कारणे शोधू लागतात, आणि पहिल्या आठवड्यात न सुचणारी कारणे तिसऱ्या आठवड्यात सुचू लागतात. ठरलेली यादी ताईस मान्य आहे काय, हे एका मुलाने विचारून यावे व तिचे म्हणणे वर्गास सांगावे. ‘ताई म्हणाली की’ ने सुरू होणारे वाक्य पुस्तकी अभ्यासातून शिकविणे किती कठीण, हे शिक्षकांस ठाऊकच आहे.

यातूनच पत्रलेखन येते. पाठ्यपुस्तकातील ‘मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज’ कोणासही पाठवावयाचा नसतो. याउलट परसबागेस कुंपणासाठी काट्या हव्यात असे शाळा व्यवस्थापन समितीस लिहिलेले पत्र, शेवग्याची रोपे मागणारे पत्र, तिथिभोजन देणाऱ्या कुटुंबास आभाराचे पत्र, ही सर्व कोणी तरी वाचणार व त्याचे उत्तर येणार, अशी पत्रे होत. उत्तर नकाराचे आले तरी ते फळ्यावर लावावे.

वर्गातल्या लहान मुलांसाठी भुलाबाईचा खेळ फार सोयीचा आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि मग झाकलेला खाऊ ओळखतात. गोड की तिखट? तळलेला की उकडलेला? डबा हलविला तर वाजतो काय? तोच खेळ वर्षभर वर्गात खेळता येईल. डब्यात फुटाणे, जवस, चिंच, वाळलेले बोर असे काही ठेवावे व मुलांनी दहा प्रश्नांत ओळखावे. शिक्षकाने ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणावे. प्रश्न विचारण्याचा अधिकार वर्गात बहुधा शिक्षकाकडेच असतो. येथे तो मुलांकडे जातो. या खेळात मुलांनाही घ्यावे. स्वयंपाकाच्या एकूणच कामात निवडणे-चिरणे मुलींकडे व मोजणे-लिहिणे मुलांकडे अशी विभागणी नकळत होते. ती होऊ देऊ नये.

एका प्रश्नाविषयी मात्र सावधगिरी हवी. ‘काल रात्री घरी काय जेवलास?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो. ज्याच्या घरी काल चूल पेटली नाही, ज्याचे आईवडील ऊसतोडीस गेले असून जो आजीपाशी राहतो, त्याने काय सांगावे? ते मूल खोटे बोलते किंवा गप्प होते, आणि ज्या विषयाने त्याची वाचा खुलावयाची तोच विषय त्यास नकोसा होतो. त्याऐवजी ‘तुझ्या आजीस काय काय करता येते?’ असे विचारावे, अथवा ‘पावसाळ्यात रानात खाण्यासारखे काय मिळते?’ असे विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाला पोडावरचे मूल वर्गात सर्वांत पुढे असते. तरोटा कधी कोवळा असतो, काटवल कोणत्या वेलीवर लागते, टेंभरे केव्हा पिकतात, मोह पहाटेच का वेचतात, हे ते सांगू लागले की सावकाराच्या घरचे मूलही ऐकत राहते. घरच्या अन्नावरून कोणी कोणास हसल्यास शिक्षकाने तेथेच थांबवावे. पंगतीत सर्वांनी जागा बदलत बसावे, हेही याच कामाचा भाग समजावे.

शेवटी वाचनाचा एक भाग, ज्याकडे कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्याने दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात एका शाळेतील भोजनाच्या तेलात कीटकनाशक मिसळले गेले आणि २३ मुले मृत्युमुखी पडली. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. रिकामे डबे घरात पाण्यास किंवा तेलास वापरण्याची सवय गावोगाव आढळते. यास्तव तिसरीपासून पुढे वेष्टन-वाचन हा नियमित पाठ असावा. मिठाच्या पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ कोठे लिहिले आहे, तेलाच्या पिशवीवरील तयार केल्याची व वापरण्याची अंतिम तारीख कोणती, डाळीचे वजन किती, हे मुलांनी शोधावे व वाचावे. बरेचसे मजकूर इंग्रजीत व बारीक असतात. जे वाचता येत नाही त्याची खूण करून शिक्षकास विचारावे. कीटकनाशकाचा डबा वर्गात आणू नये. त्यावरील चौकोनी चिन्ह फळ्यावर काढून दाखवावे: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळे म्हणजे अतिशय विषारी, निळे मध्यम, हिरवे त्याहून कमी, विष नाही असा कोणताच रंग नाही. मुलांनी हे घरी जाऊन सांगावे आणि घरातील डबे कोठे ठेवले आहेत ते पाहून यावे. वर्गात परत आल्यावर त्यांनी सांगितलेले शिक्षकाने ऐकून घ्यावे. कोणाच्या घराचे नाव फळ्यावर लिहू नये.

वर्षभरात जमलेले शब्द, पाककृती व चव-वहीतील वाक्ये एका जाड वहीत उतरवून घ्यावीत. एका पानावर एक शब्द, त्याचे घरचे रूप, पुस्तकातील रूप व मुलाने केलेले एक वाक्य, एवढे पुरे. ही वही जूनमध्ये नव्या पहिलीच्या शिक्षकाकडे द्यावी. पोडावरून किंवा तांड्यावरून येणाऱ्या मुलाशी पहिल्या दिवशी कोणत्या शब्दाने बोलावयाचे, ते त्यांस तीत सापडेल.